पिकग्लासखालचं घर

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रविवारी सकाळी मी एक फोटो टाकते आणि खाली एवढंच लिहिते, "काय आहे?" वस्तू अगदी साधी, रोजच्या वापरातली असते, पण फोटो इतक्या जवळून काढलेला असतो की ती वस्तू म्हणून दिसतच नाही. दिसतात ते खड्डे, चरे, तंतू, कडा. मग दिवसभर अंदाज येत राहतात आणि रात्री जेवणं झाली की मी पूर्ण वस्तूचा फोटो टाकते.

नियम थोडेच आहेत. वस्तू आपल्या कुणाच्याही घरात सापडेल अशीच हवी. किडे, फुलं, पानं नकोत, कारण ती सुंदरच दिसतात आणि सगळे "वा, छान" म्हणून मोकळे होतात. फोनमधल्या वस्तू ओळखणाऱ्या ॲपला विचारायचं नाही. आणि नुसतं नाव सांगून भागत नाही, कशावरून ओळखलं तेही सांगायचं. हा शेवटचा नियम माझ्या मुलीनं घातला. ती पुण्यात मानसशास्त्र शिकते, आणि तिला उत्तरापेक्षा उत्तरापर्यंतच्या वाटेत जास्त रस असतो. आता मलाही तीच गोडी लागली आहे. हे सगळं लिहायला बसले तेही त्यामुळेच.

मी मिरजेत ब्लाउज शिवते. घराच्या पुढच्या खोलीत मशीन आहे, कपाटात गिऱ्हाइकांच्या पिशव्या आहेत. माहेर इचलकरंजीचं. वडील कापडाच्या पेढीवर होते, मागावरून आलेला माल तपासायचं काम त्यांच्याकडे. त्यांच्या खिशात कायम एक पितळी पिकग्लास असायचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. तीन पट्ट्यांची घडी असते. उघडली की खालच्या पट्टीत एक इंच चौकोनी खिडकी, वरच्या पट्टीत भिंग, आणि मधली पट्टी त्या दोघांना नेमक्या अंतरावर धरून ठेवते. कापडावर ठेवायचा, डोळा लावायचा, आणि सुईच्या टोकानं एकेक धागा सोडत मोजायचं: इंचात उभे धागे किती, आडवे किती. आडव्या धाग्याला पीक म्हणतात. यंत्रमागावरच्या माणसाची मजुरीसुद्धा पिकांच्या हिशेबानं ठरते, त्यामुळे त्या एक इंचाच्या खिडकीत व्यापाऱ्याचे आणि कामगाराचे दोघांचेही पैसे असतात. वडील मोजताना श्वास रोखून धरायचे. आम्हा मुलांना तेव्हा बोलायची बंदी.

तो पिकग्लास आता माझ्या मशीनच्या खणात असतो. मी तो वस्तूवर ठेवते आणि फोनचा कॅमेरा वरच्या भिंगाला टेकवते. फोनला एरवी फार जवळ नेलं की त्याचं चित्र धूसर होतं. भिंग मध्ये आलं की तो अगदी टेकला तरी चालतो. भिंगाचं अंतर पट्टीनं बांधलेलं असल्यामुळे हात हलला तरी चित्र फार बिघडत नाही. आणि खालची चौकोनी खिडकी आपोआप एक काम करते: वस्तूची कड कापून टाकते.

ती कड गेली की काय होतं ते पहिल्यांदा कळलं अंगुस्तानाच्या फोटोवरून. शिवताना बोटात घालायची टोपी, लोखंडी, सुईचा मागचा भाग दाबायला. तिच्यावर बारीक खळगे असतात, सुई घसरू नये म्हणून. फोटोत फक्त खळगे आले, ओळीत बसलेले, प्रत्येकात अर्ध्या बाजूला सावली. भाच्यानं बंगळूरहून लिहिलं, "मावशी, गोल्फचा बॉल." जाऊबाई म्हणाल्या मधाचं पोळं. कुणी अप्पेपात्र म्हटलं, कुणी औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. या सगळ्या वस्तू खळग्यांच्या आहेत, म्हणजे डोळ्यांनी सगळ्यांनी बरोबरच पाहिलं होतं. चुकत होतं ते माप. खळगा टाचणीच्या डोक्याएवढा आहे की लिंबाएवढा, हे फोटो सांगत नाही, आणि माप कळलं नाही की मधाचं पोळं आणि अंगुस्तान यांच्यात फरक उरत नाही.

मुलीनं त्यावर मला बरंच समजावून सांगितलं. आपण वस्तू ओळखतो त्यात बाह्याकाराचा वाटा फार मोठा असतो. त्याच्या जोडीला माप आणि शेजार. कपबशी टेबलावर असते, चपला दारात असतात, त्यामुळे पुरतं न बघताच मन नाव देऊन टाकतं आणि पुढं जातं. नाव मिळालं की बघणं थांबतं. अमेरिकेत १९७९ मध्ये निकर्सन आणि ॲडम्स या दोन संशोधकांनी लोकांना तिथलं एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं होतं. जन्मभर हाताळलेलं नाणं, पण कुठला शब्द कुठं आहे, चेहरा कुठल्या बाजूला वळलेला आहे, हे लोकांना धड सांगता येईना. खऱ्याबरोबर बरीच खोटी चित्रं मांडून "यातलं खरं कुठलं" असं विचारलं, तेव्हाही बरोबर उत्तर देणारे निम्म्यांहून कमी निघाले. दुकानात नाणं ओळखायला त्याचा रंग आणि माप पुरतं, बाकीचं मनानं कधी साठवलेलंच नसतं.

हे ऐकल्यावर पुढच्या रविवारी मी नाण्याचाच फोटो टाकला. रुपयाच्या नाण्यावर सालाच्या खाली एक बारीकशी खूण असते, फक्त तेवढीच. एक छोटा चौकोन, टोकावर उभा. ग्रुपवर पतंग आला, काजूकतली आली, पत्त्यांतला चौकट आला. आमचे थोरले भाऊजी मात्र पाच मिनिटांत म्हणाले, "वहिनी, मुंबईची टांकसाळ." ते बँकेत कॅशियर होते. त्यांनी मग सविस्तर लिहिलं: मुंबईच्या नाण्यावर हिरा, हैदराबादच्या नाण्यावर तारा, नोएडाच्या नाण्यावर ठिपका, आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नाही. त्या रविवारी आमच्या साऱ्या गोतावळ्यात लोक पाकिटं आणि देवापुढच्या वाट्या उपडी करून बसले होते.

त्या दिवशी माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आणि पुढं ती पुन्हा पुन्हा खरी ठरली. जवळून काढलेला फोटो ओळखतो तो ज्याचा हात त्या वस्तूवर चालला आहे तो. डोळा बाह्याकारावर भागवतो. हात भागवू शकत नाही, कारण हाताला पृष्ठभागाशीच काम असतं: कुठं खरखरीत आहे, कुठं निसटतं, कुठं टोचतं. कड कापून टाकली की उरतो तो पृष्ठभागच, आणि तिथं हाताची साक्ष लागते.

सासूबाईंचं उदाहरण यापेक्षा बोलकं आहे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी बारीक काही दिसत नाही. फोटो मी फोन हातात देऊन, मोठा करून दाखवते. एकदा समईतल्या वातीचा फोटो होता. तेलात भिजण्याआधीची, कोरी. माझं सगळं आयुष्य धाग्यात गेलं, त्यामुळे फोटो काढताना मला वाटत होतं की यात कोडं कसलं, हे धागाच आहे. पण धाग्यात तंतू घट्ट पिळलेले असतात, पिळाच्या तिरक्या रेषा सारख्या अंतरावर येतात. वातीत तंतू सैल असतात, पीळ कुठं आहे कुठं नाही, मध्येच एखादी गाठ. ग्रुपवर लोकर, गादीतला कापूस, म्हातारीचे केस, जखमेवरची पट्टी असे अंदाज आले. सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाल्या, "वात आहे. पण विकतची आहे गं. घरच्या वातीला असा काटा राहत नाही." त्या बोटाला भस्म लावून रोज वाती वळतात, आणि वळताना कापसातला कचरा बोटालाच लागतो, तो काढून टाकतात. फोटोत खरंच एका जागी सरकीच्या टरफलाचा काळा कण होता. तो मी पाहिला होता, पण तो तिथं नसायला हवा हे मला ठाऊक नव्हतं. वात मी दुकानातून आणली होती, हेही बरोबर.

स्वयंपाकघर हे या खेळाचं माहेरच आहे, इतक्या वस्तू तिथं मिळतात. मीठ आणि साखर दोन्ही पांढरी, पण भिंगाखाली मिठाचे दाणे चौकोनी ठोकळे असतात, कोपरे थोडे झिजलेले, आणि साखरेचे दाणे तिरक्या पैलूंचे, काचेसारखे आरपार. जिऱ्यावर उभ्या शिरा असतात आणि त्यांच्यावर बारीक लव असते. ही लव पाहून काकूनं लिहिलं होतं, "आता मला जिरं सुरवंटासारखंच दिसणार." ओव्याच्या अंगावर पुटकुळ्यांसारखे उंचवटे असतात. लवंग म्हणजे न उमललेली कळी, हे शाळेत शिकलो होतो, पण वरून फोटो काढला तेव्हा मधला घुमट आणि भोवतीची चार टोकं पाहून दोघातिघांना ते देवळाच्या शिखराचं चित्र वाटलं. मोहरी लांबून गुळगुळीत मण्यासारखी, जवळून तिच्यावर बारीक जाळी.

खसखशीपुढं मात्र सगळ्यांनी हात टेकले. खसखशीचा दाणा मूत्रपिंडाच्या आकाराचा असतो आणि त्याच्यावर ठळक, पाचसहा कोनांच्या घरांची जाळी असते. पिकग्लासचं भिंग त्याला पुरेना, म्हणून मी भाच्यानं पाठवलेलं, फोनला चिमट्यानं अडकवायचं भिंग लावून त्याचा फोटो काढला. अनारसे थापणाऱ्या बायका या ग्रुपवर आहेत. दरवर्षी दिवाळीत अनारसा खसखशीवरच थापला जातो, म्हणजे हाताखालून केवढी खसखस गेली असेल. पण कुणालाही ओळखता आली नाही. उत्तर सांगितल्यावर कुणाचा विश्वास बसेना. मुलगी म्हणाली, "आई, इथं तुझा हातवाला नियम मोडतो." मला तसं वाटत नाही. एकट्या खसखशीला कुणाचं बोट कधी भेटलेलंच नसतं. बोटाला भेटते ती चिमूट, तिचा सरसरीतपणा. हाताला जे माहीत आहे त्याच्याही खाली आपण गेलो तर हाताची साक्ष चालत नाही, एवढंच. म्हणून कोडं घालणाऱ्यानं किती जवळ जायचं याला एक मर्यादा असावी असं माझं मत आहे. फार खोल गेलं की सुती कापड, कागद, टिपकागद, सगळं नुसत्या तंतूंचं रान होतं आणि कोड्यात न्याय राहत नाही. वस्तूची एक तरी खूण चौकटीत असली पाहिजे.

उजेडाबद्दलही सांगून टाकते, कारण अर्धं यश तिथंच आहे. समोरून उजेड टाकला तर सगळं सपाट होतं. बॅटरी वस्तूच्या बाजूला, जवळजवळ आडवी धरायची. मग प्रत्येक उंचवट्याला सावली पडते आणि पृष्ठभाग उठून दिसतो. स्टीलवर मात्र थेट बॅटरी नको, खिडकीतला उजेड बरा.

फोनमधल्या ॲपवरची बंदी भाच्यामुळे आली. अंगुस्तानाच्या वेळी त्यानं आधी ॲपला विचारलं होतं, आणि ॲपनंही मधाचं पोळंच सांगितलं होतं. त्याचं कामच संगणकाला चित्रं ओळखायला शिकवण्याचं आहे, त्यामुळे तो चिडण्याऐवजी खूश झाला. त्यानं सांगितलेली एक गोष्ट मी विसरणार नाही. जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांजराचा फोटो घेतला, बाह्याकार मांजराचाच ठेवला, पण अंगावर हत्तीच्या कातडीच्या सुरकुत्या चढवल्या. माणसांना विचारलं तर माणसं म्हणाली मांजर. फोटोंवर शिकवलेल्या संगणकानं सांगितलं हत्ती. म्हणजे माणूस आकाराकडं बघतो आणि ती यंत्रं त्वचेकडं बघत होती. "मावशी," भाचा म्हणाला, "तुझ्या खेळात तू माणसांना यंत्राच्या जागी बसवतेस. आकार काढून घेतेस आणि नुसती कातडी देतेस." मला हे फार आवडलं. फक्त एक भर घालावीशी वाटते. यंत्रानं ती कातडी फोटोंत पाहिलेली असते. आमच्या सासूबाईंनी ती वळलेली असते.

आता माझ्या मशीनच्या खणाकडं येते. १६६५ मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट हुक यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या गोष्टींचं एक मोठं सचित्र पुस्तक काढलं. वनस्पतीतल्या पेशींना ज्यांनी पहिल्यांदा नाव दिलं तेच हे हुक, बुचाच्या कापात त्यांना ती घरं दिसली. मुलीनं मला त्या पुस्तकाची पानं इंटरनेटवर उघडून दाखवली. मला वाटलं होतं सुरुवात पिसवांनी किंवा माश्यांनी होत असेल. सुरुवात होते सुईच्या टोकानं. मग वस्तऱ्याची धार. मग तलम कापड. मी मुलीला म्हटलं, अगं, हे तर माझं टेबल आहे: सुई, पातं, कापड. हुक यांना दिसलं की आपण टोकदारपणाचं उदाहरण म्हणून जी सुई सांगतो तिचं टोक भिंगाखाली बोथट, खडबडीत आहे. वस्तऱ्याच्या धारेवर चरे आहेत. छापलेला पूर्णविराम तर वेडावाकडा डाग आहे. तलम कापड गोणपाटासारखं दिसतं. त्याच काळात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. धाग्यांची प्रत बघायला कापडवाले भिंग वापरत, तसं त्यानंही वापरलं, आणि मग स्वतःच भिंगं घासता घासता पाण्यातले नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव पाहणारा पहिला माणूस झाला. आमच्या वडिलांच्या खिशातल्या पितळी घडीचं हे कूळ इतकं थोर आहे हे त्यांना कळलं असतं तर फार आनंद झाला असता. ते सातवी शिकलेले होते, पण एका नजरेत कापडातला तुटलेला धागा सांगायचे.

मी त्या आठवड्यात मशीनच्या दोन सुया शेजारी ठेवून फोटो काढला. एक कोरी, एक आठवडाभर चाललेली. कोऱ्या सुईचं टोक मला बरंच सुबक दिसलं, हुक यांच्या चित्रातल्यापेक्षा चांगलं, शेवटी साडेतीनशे वर्षांत सुया सुधारल्या असणार. वापरलेल्या सुईचं टोक मात्र एका बाजूला वळलं होतं, अगदी बारीक आकड्यासारखं. हाच आकडा रेशमात अडकतो आणि कापडावर धागा ओढल्याची आडवी रेघ उमटते. शिवणारी बाई हे आवाजावरून ओळखते, सुई आत शिरताना टप् टप् असा आवाज यायला लागतो. पण आवाजाचं कारण मी डोळ्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तेव्हापासून रेशमी कामाला मी नवीनच अकरा नंबरची सुई लावते. ग्रुपवर या फोटोला "हत्तीचा दात", "काटा" अशी उत्तरं आली. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलीला दाखवला तर ती बघताक्षणी म्हणाली, "ताई, ही सुई बदला."

जरीचा फोटो त्यानंतरचा. एक आजी आपलं जुनं लुगडं घेऊन आल्या होत्या, नातीच्या लग्नासाठी त्याचे ब्लाउज करून द्या म्हणून. काठ काळपट पडला होता आणि त्यांना वाटत होतं की तो काढून टाकून नवा सोनेरी काठ लावावा. मी पिकग्लास ठेवला. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी केलेली तार गुंडाळलेली असते, वर सोन्याचा मुलामा. भिंगाखाली ती गुंडाळी स्पष्ट दिसते, एकाला एक लागून वेढे, आणि जिथं तार सरकली आहे तिथं आतलं पिवळं रेशीम डोकावतं. स्वस्त जरीत चांदीऐवजी तांब्याची तार किंवा चकचकीत प्लॅस्टिकची पट्टी असते, ती काळी पडत नाही, किंवा पडली तर वेगळीच पडते. हा काळपटपणा चांदीचा होता. आजींना मी भिंगातून दाखवलं. त्यांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला आणि मग विचारलं, "ही तार एवढीशी कुणी गुंडाळली असेल?" काठ कापला नाही. अलगद उसवून, अस्तर देऊन तोच काठ नव्या ब्लाउजच्या बाह्यांना लावला.

त्यांच्या परवानगीनं तो फोटो रविवारी गेला. "गिटारची तार," भाचा म्हणाला, आणि खरंच गिटारच्या जाड तारेवर तसेच वेढे असतात. "कुंचल्याच्या दांड्याला गुंडाळलेली तार," भाऊजी म्हणाले. माझ्या चुलत बहिणीनं, जी पैठण्यांचं दुकान चालवते, "जर" एवढंच लिहिलं. तीही पृष्ठभागावर जगणारी बाई आहे. हातमागाची पैठणी ती उलटी करून ओळखते, कारण तिच्या काठाची आणि पदराची उलटी बाजू सुलटीसारखीच दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत.

पण साऱ्या फोटोंत मला सगळ्यांत प्रिय आहे तो भांड्याचा. फोटोत पिवळ्या धातूवर बारीक तिरक्या खाचा होत्या, एकामागोमाग एक, वळण घेत गेलेल्या. "मुंग्यांची रांग." "टायरचा ठसा." "वरून काढलेलं नांगरलेलं शेत." दुपारी इचलकरंजीहून काकूचा फोनच आला, तिला एवढं टाइप करायचा धीर नव्हता. "अगं, हे भांड्यावरचं नाव आहे. आणि जुनं आहे. आता मशीननं घालतात ते थरथरल्यासारखं येतं, हे छिन्नीनं ठोकून घातलेलं आहे." मी हो म्हटलं. ती थांबली नाही. "आणि हा 'ल' आहे. वरची गाठ अशी मोठी घालणारा तो बोळातला भांडीवाला. तुझ्या आईचा फिरकीचा तांब्या काढलास ना?"

तोच होता. आईच्या लग्नात तिच्या मामांनी दिलेला, त्यावर आईचं नाव, मामांचं नाव आणि साल. एकत्र घरात पितळेची भांडी चिंचेनं घासायचं काम काकूकडं होतं. ती म्हणाली की खाचांत चिंचेचा चोथा अडकायचा, तो काढायला काडी लागायची, आणि 'ल'च्या गाठीत सगळ्यांत जास्त अडकायचा. मला तो तांब्या जन्मापासून माहीत आहे. त्यावरचं नाव मी असंख्य वेळा वाचलं आहे. त्याच्या 'ल'मध्ये चिंच अडकते हे मला माहीत नव्हतं, कारण तो मी कधी घासला नाही.

मग काकूनं बाकीच्या भांड्यांबद्दल सांगायला सुरुवात केली. कुठल्या डब्यावर कुणाचं नाव आहे, कुठलं पातेलं कुणाच्या बारशाचं, कुठल्या ताटावर भांडीवाल्यानं साल चुकवून घातलं होतं आणि आजोबांनी ते तसंच ठेवून घेतलं. अर्धा तास झाला. मी मशीनवरचं कापड बाजूला ठेवून वहीत लिहून घेतलं. आता तिच्याकडं गेले की एकेका भांड्याचा पूर्ण फोटो काढते, नावाचा जवळून काढते, आणि खाली ती सांगेल ते लिहिते. हे काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. ती भांडी पुढच्या पिढीत वाटली जातील, काही मोडीत जातील, आणि तेव्हा हे सांगणारं कुणी नसेल.

कुणाला आपल्या घरी हा खेळ सुरू करायचा असेल तर पिकग्लास हवाच असं नाही. काही शे रुपयांत फोनला लावायचं चिमट्याचं भिंग मिळतं. तेही नको असेल तर फोन पालथा करून मागच्या कॅमेऱ्याच्या काचेवर बोटानं पाण्याचा अगदी लहान थेंब ठेवा. थेंब फुगीर असतो, त्यामुळे तोच भिंगाचं काम करतो. फोन तसाच कॅमेरा वर करून आडवा धरायचा आणि वस्तू वरून हळूहळू जवळ आणायची. थेंब मोठा झाला तर ओघळतो, म्हणून काडीपेटीतल्या काडीच्या टोकानं ठेवलेला बरा. वर्तमानपत्रातला रंगीत फोटो घ्या, तो निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांचा बनलेला दिसेल. टीव्हीचा पांढरा पडदा घ्या, त्यात पांढरं काहीच नसतं, लाल, हिरव्या आणि निळ्या पट्ट्या असतात. सुरुवातीला ही दोन्ही चांगली. किसणी आणि कंगवा घेऊ नका, लगेच ओळखतात.

आणि उत्तर रात्रीपर्यंत सांगू नका, कितीही गळ घातली तरी. दिवसभर लोकांना घरात हिंडू द्या, खण उघडू द्या. गेल्या रविवारी कुकरच्या झाकणातल्या रबराचा फोटो होता. भाऊजींना तो कशाचा तरी पट्टा वाटला, म्हणून त्यांनी शिलाई मशीनपासून जुन्या मिक्सरपर्यंत सगळं माळ्यावरून खाली काढलं, आणि संध्याकाळी जाऊबाईंचा निरोप आला की उत्तर काहीही असो, निदान माळा झाडून झाला आहे, तेव्हा पुढच्या वेळी फडताळातलं काहीतरी टाक.

उद्या फडताळातलंच टाकणार आहे. फोटो काढून झालाय.